कार्मेलाबाईंच्या खाणावळीतला आठवडा

इटलीला जाऊन आलेल्या माणसाने रोमबद्दल बोलावं, अशी नागपूरच्या प्रतापनगरात अपेक्षा असते. आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी तर 'रोम : एक चिंतन' असा विषय फळ्यावर लिहूनही टाकला होता. मी रोम पाहिलं ते रेल्वेच्या फलाटावरून, दोन बॅगा आणि एका बायकोवर लक्ष ठेवत. त्यावर चिंतन करण्यासारखं एवढंच, की तिथले हमालही नागपूरच्या हमालांइतकेच निर्विकार आहेत. तेव्हा व्याख्यान रद्द झालं आणि त्याऐवजी हे लिहितो आहे. बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेशी बारी नावाचं बंदर आहे. त्याच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत मोजक्या टेबलांची एक खाणावळ आहे. इटली म्हणून मी जे काही पाहिलं, ते बहुतेक त्या खाणावळीच्या दारातून.

जायचं कारण आमची धाकटी, नंदा. शेतीला पाणी देण्याच्या पद्धती शिकायला ती शिष्यवृत्तीवर बारीला गेली होती. दोन वर्षांनी तिचं पत्र आलं. निकोला नावाचा मुलगा तिच्याच संस्थेत मातीचे नमुने तपासतो आणि संध्याकाळी आपल्या विधवा आईच्या खाणावळीत वाढप्याचं काम करतो, त्याच्याशी लग्न करावं असं मनात आहे. आईने येऊन पाहावं. आई हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर मी तुमच्याबरोबर परत. माझ्या मताचा पत्रात उल्लेख नव्हता. मी सगळी नोकरी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून केली. लोक माझ्याकडे पुस्तकं मागतात, मत मागत नाहीत, याची मला सवय आहे.

कुसुमने, म्हणजे माझ्या पत्नीने, पत्र वाचून घडी घातली. ती कन्हानची. इतकी वर्षं नागपुरात काढूनही तिची बोली कन्हानचीच आहे. म्हणाली, "पाहून येऊ. पाहिल्याबिगर मी हो बी म्हणत नाही अन् नाही बी म्हणत नाही." मग तिने तिखट, लसणाची चटणी आणि कुरड्या बांधल्या, आणि एक बॅग रिकामीच घेतली. ती कशाला, हे मी विचारलं नाही. बारीच्या स्टेशनवर नंदाने मात्र सगळं सामान सोडून आधी तीच बॅग उचलून पाहिली, हलकी लागली तशी तिचा चेहरा उतरला. तिचं सामान न्यायला आणलेली बॅग तिला बरोबर ओळखता आली.

मंगळवार

खाणावळीला पाटी नाही. दाराला मण्यांचा पडदा, आत भिंतीवर एका संताची तसबीर आणि त्याच्या शेजारी एका फुटबॉल संघाची. दोघांपुढेही दिवा होता. स्टेशनासमोर पांढऱ्या टेबलक्लॉथचं आणि काळ्या बो-टायचं एक मोठं रेस्टॉरंट होतं, तिथल्या मेनूचं वजन आमच्या कॉलेजच्या शब्दकोशाइतकं असावं. इथे मेनू नावाचा प्रकारच नव्हता. जे शिजलं असेल ते मिळणार. ही पद्धत आपल्याकडच्या खाणावळीचीच, त्यामुळे मला लगेच घरी आल्यासारखं वाटलं. कुसुमला तसं वाटू नये म्हणून मी ते बोललो नाही.

निकोलाची आई, कार्मेलाबाई, ठेंगण्या आणि रुंद. काळा झगा, त्यावर एप्रन, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. त्यांनी आम्हाला नजरेनं तोललं, बसवलं, आणि पहिली बशी पाठवली. वालाच्या थोरल्या भावासारखे दिसणारे दाणे शिजवून घोटलेले, वर ऑलिव्हच्या तेलाची धार, बाजूला पाथरीसारखी कडसर पालेभाजी. थेट पिठलंच. आम्ही बशीकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागलो.

आपल्याकडे पान पूर्ण वाढून होईपर्यंत आणि यजमानाने 'सावकाश होऊ द्या' म्हणेपर्यंत कोणी घास घेत नाही. आम्ही भाजीची, पोळीची, भाताची वाट पाहत होतो. तिकडे पद्धत उलट आहे. पहिली बशी संपल्याशिवाय दुसरी येतच नाही. कार्मेलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आम्ही खायची वाट पाहत होत्या. आम्ही सभ्यपणे बसलेलो, त्या सभ्यपणे उभ्या. घोटलेल्या दाण्यांवर साय धरायला लागली. नंदा त्या वेळी निकोलाबरोबर पाणी आणायला गेली होती, म्हणून हे पाऊण तास चाललं असावं असं मला वाटतं. नंदा म्हणते दहा मिनिटं. शेवटी कार्मेलाबाई तरातरा आल्या, बशी उचलली, हुंगली, स्वतः एक चमचा खाऊन पाहिली, आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. नंदाने धावत येऊन त्याचा गोषवारा सांगितला: या गल्लीत त्यांच्या हातचं अन्न मांजरसुद्धा इतका वेळ नुसतं पाहत बसत नाही.

खुलासा झाल्यावर त्या मान हलवत आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हा दोघांपुढे सगळे पदार्थ एकदम येऊ लागले. बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून पाहायची. कुसुम आधी सगळीकडे नजर फिरवायची, मग सुरू करायची. जेवून झालं की मला कोपराने ढोसायची: "हाटेल आहे ना? मंग बिल द्या." मी बिल द्यायचो. निकोला ते घेताना लाजायचा, पण घ्यायचा.

बुधवार

बारीबद्दल माझं मत एकाच दुपारी चांगलं झालं. जेवणं झाली की सगळं गाव दारं लावून झोपतं. सरकारी कचेऱ्या, दुकानं, पोलीस, सगळे. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर हेच करतं, पण चोरून, आणि उठल्यावर कामात होतो असं सांगतं. हे लोक बारा महिने करतात आणि काहीच सांगत नाहीत.

ऊन उतरलं की गल्लीतल्या बायका दारापुढे पाट मांडून बसतात. रव्याच्या कणकेची सुतळी वळायची, तिचे तुकडे बोथट सुरीने ओढायचे आणि अंगठ्यावर उलटायचे, की इवल्या कानासारखा आकार होतो. हे कान उकडून भाजीबरोबर खातात. कार्मेलाबाईंच्या समोरच्या दारात रोझाबाई नावाच्या शेजारीणबाई याच उद्योगात असायच्या. दोघींमध्ये गल्लीच्या रुंदीएवढं अंतर आणि कित्येक वर्षांचं वैर होतं. रोझाबाई पालेभाजी फार शिजवतात, एवढ्या कारणावरून ते सुरू झालं असं नंदा म्हणाली. मला ते खरं वाटलं. आमच्या गल्लीत याहून लहान कारणावर कोर्टात गेलेली माणसं आहेत.

कुसुम थोडा वेळ पाहत उभी राहिली. मग पदर खोचून कार्मेलाबाईंच्या पाटाशी बसली आणि विनापरवाना कणकेला हात घातला. तिच्या माहेरी लग्न ठरलं की बायका जमून गव्हले आणि नखुले वळतात, त्यात तिचा हात कन्हानमध्ये नावाजलेला. पण कान तिला जमेनात. कार्मेलाबाईंनी तिचे कान एकेक करून बाजूला सारले. मग कुसुमने त्याच कणकेचे चिमटीत गव्हले वळून दाखवले, गव्हाच्या दाण्याएवढे, एकासारखा एक. आजूबाजूच्या बायका वाकून पाहू लागल्या. कार्मेलाबाईंनी एक दाणा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, की एवढंसं खाऊन तुमच्याकडे माणसं जगतात कशी.

"सांग तिले," कुसुम नंदाला म्हणाली, "आमच्याकडे माणसं दात असेपर्यंतच नाही जगत."

मला वाटलं होतं आता दोघी गळ्यात गळे घालतील. प्रवासवर्णनांत असंच होतं. प्रत्यक्षात दोघी आपापल्या पाटावर बसून अंधार पडेपर्यंत एकमेकींच्या हाताकडे तिरक्या डोळ्यांनी बघत राहिल्या.

गुरुवार

कार्मेलाबाईंचे भाऊ गाएतानो वकील आहेत. त्यांनी मला समुद्रावर न्यायचं ठरवलं. हे गृहस्थ पायऱ्या उतरतानासुद्धा न्यायाधीशांपुढे उभं असल्यासारखे बोलतात. त्यांचं इंग्रजी भारदस्त, माझं वाचनालयातलं, त्यामुळे आमचं संभाषण दोन शिलालेखांसारखं झालं. दोन प्राचीन संस्कृतींचं मीलन, असा शब्दप्रयोग त्यांनी धक्क्यापर्यंत पोचेस्तोवर अनेकदा केला. समोर एक कोळी ताजा ऑक्टोपस दगडावर आपटत होता, तंतोतंत धोब्यासारखा. मऊ व्हावा म्हणून. मग तो धुऊन, कापून, कच्चाच लोकांच्या हातावर ठेवत होता. गाएतानोंनी एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. संस्कृतीचा प्रश्न असल्यामुळे मी तो गिळला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत संस्कृतींचं मीलन माझ्या पोटात चालू होतं. कुसुमने रात्री नंदाच्या खोलीवर मला नुसता भात दिला आणि एवढंच विचारलं, "काहून खाल्लं?"

ती स्वतः काय ठरवते आहे, याचा पत्ता लागत नव्हता. मी विचारलं की ती वांग्यांबद्दल बोलायची. निकोलाबद्दल तिचं एवढंच निरीक्षण होतं, की पोरगा ताटं उचलताना आवाज करत नाही. नंदा दिवसेंदिवस वाळत चालली होती. माझ्याकडे ती पाहायची, मी खांदे उडवायचो. आम्हा बापलेकीत हातवाऱ्यांची इटालियन हीच एक समान भाषा होऊन बसली होती.

शुक्रवार

त्या दुपारी नंदाला संस्थेतून यायला फार उशीर झाला. खाणावळ उठली होती, आम्ही दाराशी बसलो होतो. ती गल्लीच्या तोंडाशी दिसताच कार्मेलाबाईंनी बाहेर येऊन जे सुरू केलं, ते ऐकायला समोरच्या खिडक्या उघडल्या. भाषा कळत नव्हती, तरी विषय कळत होता. वेळ काय झाली, सकाळपासून पोटात काय आहे, तोंड बघ आरशात, अभ्यास काय पळून जातो. नंदा खालमानेने उभी. बोलणं संपल्यावर कार्मेलाबाई आत गेल्या आणि झाकून ठेवलेलं ताट तिच्यापुढे आदळलं.

मला राग आला. माझ्या मुलीला परक्या बाईने भर रस्त्यात बोलावं? मी कुसुमकडे वळलो, तर ती निवांत होती. इतक्या दिवसांत मी तिला इतकी निवांत पाहिली नव्हती.

"मले वाटलं होतं," ती म्हणाली, "इथं तिले पाहुणी म्हणून वागवून राहिले असतीन. गोड बोलून, लांबून. ही तर घरच्या पोरीसारखी झाडून राहिली."

थोड्या वेळाने कार्मेलाबाई हात पुसत कुसुमशेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मग त्यांनी नंदाला हाक मारून, तिच्याचमार्फत, तिच्याचबद्दल विचारलं. या गल्लीतली निम्मी पोरं कामासाठी उत्तरेला गेली, काही जर्मनीला. परत येतात ती नाताळात, पाहुण्यासारखी. माझा एकच राहिला आहे. तुझी मुलगी त्याला तुमच्या देशात घेऊन जाईल का?

नंदाला हे भाषांतर करणं जड गेलं. तिने शब्द गाळले असतील, असं मात्र मला वाटलं नाही.

कुसुम म्हणाली, "तिले सांग, मी इतक्या दूर हाच प्रश्न घेऊन आली. फक्त उलटा."

समोर रोझाबाई हे सगळं ऐकत कान वळत होत्या.

रविवार

सोमवारी सकाळी आमची गाडी होती. रविवारी खाणावळ बंद असते. मण्यांचा पडदा वर बांधला होता, टेबलं जोडून एकच पंगत केली होती. गिऱ्हाइकं कोणी नाहीत. घरची माणसं, गाएतानो वकील, आणि आम्ही. कार्मेलाबाई पहाटेपासून राबत होत्या. घोटलेले दाणे, कडू भाजी, कान, भाजलेली वांगी, बटाट्याचा थर दिलेला भात. आमच्या रीतीप्रमाणे सगळं एकदम मांडलं. स्वतः बसल्या नाहीत. कुसुमच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी 'घ्या' अशी खूण केली.

कुसुमने हात मांडीवर ठेवले होते.

गाएतानोंना वाटलं, भाषणाची वाट पाहताहेत. ते पेला घेऊन उठले. संस्कृती पुन्हा एकदा प्राचीन झाल्या, नद्या वाहिल्या, एक सम्राट येऊन गेला. मी तेवढ्यात वांगी संपवली, कारण मला भाषणं उपाशीपोटी सोसत नाहीत. ते बसले. टाळ्या झाल्या. कुसुमचे हात तिथेच.

कार्मेलाबाईंनी नंदाला विचारलं, काही राहिलं का. नंदा आईकडे बघत होती. कुसुमने ताट दोन बोटांनी हळूच पुढे सरकवलं. नंदाच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं, आणि ते पाहून कार्मेलाबाईंच्या लेखी नकाराचा निकाल लागला. त्यांनी एप्रनची गाठ सोडली. निकोलाकडे न बघता त्या हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. नंतर कळलं ते असं: आठवडाभर पैसे देऊन खाल्लं, आज मी वाढलं तर शिवतही नाही. निकोला पांढराफटक पडला. माझा घास तोंडातच राहिला.

"रडतेस काय वं?" कुसुम म्हणाली. "सांग ना तिले. लेकीच्या घरी मी कशी जेवू?"

माझे सासरे कन्हानहून आमच्याकडे यायचे ते पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन. लेकीच्या सासरी नातवंड होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. दोन-दोन दिवस राहायचे आणि शेजारच्या घरी जेवायचे. मी तेव्हा नुकताच पुस्तकांतून सुधारलेला होतो, त्यांच्याशी वाद घालायचो. कुसुमही त्यांना हसायची. तिच्या मनात तो नेम जिवंत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आठवडाभर ती जेवली ती हाटेलात. आज तिच्यापुढे ताट आलं ते मुलीच्या सासरचं. नंदाला हे एका क्षणात कळलं होतं. मला कळलं तेव्हा हेही कळलं, की वधूपिता म्हणून तोच नेम मलाही लागू आहे, आणि माझं ताट निम्मं संपलेलं आहे.

कुसुमने माझ्या ताटाकडे पाहिलं. "तुमचं चालू द्या," म्हणाली.

नंदाने डोळे पुसत सांगायला सुरुवात केली. वेळ लागला. कार्मेलाबाई मध्येच थांबवून विचारत होत्या. म्हणजे ती जेवत नाही, कारण तिला मान्य आहे? हो. मान्य नसतं तर? तर जेवली असती, धन्यवाद म्हणाली असती, आणि उद्या मला घेऊन गेली असती. कार्मेलाबाईंनी वकील भावाकडे पाहिलं. गाएतानोंनी पेल्यात पाहिलं. मग त्या खुर्चीवर बसल्या, एप्रन मांडीवर चुरगळला, आणि शेवटचा प्रश्न विचारला. किती दिवस?

"नातवंड होईस्तोवर," कुसुम म्हणाली.

हे ऐकून कार्मेलाबाई मुलाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. निकोला संताच्या तसबिरीकडे बघू लागला.

पण नेम असो वा नसो, दारात आलेलं माणूस उपाशी बसलं आहे हे त्या बाईला सहन होईना. उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. नुसती पावाची कड? नाही. पाणी? तेही नाही. विकत घेतलं तर? आज दुकान बंद आहे, कुसुम म्हणाली. मग काय चालतं?

"शेजारचं चालते."

नंदाने हे भाषांतर केलं. कार्मेलाबाई दारापर्यंत गेल्या. तिथे थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, समोरच्या दाराकडे बघून रोझाबाईंना नावाने हाक मारली.

रोझाबाईंना फार सांगावं लागलं नाही; खिडकी सकाळपासून उघडीच होती. त्यांनी आपल्या उंबऱ्यापाशी टेबल मांडलं, पातेलं आणलं, आणि विजयी सेनापतीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या. कुसुम उठून गल्ली ओलांडून गेली आणि जेवायला बसली. नंदा आणि निकोला तिच्या दोन बाजूंना. कार्मेलाबाईंनी स्वतःची खुर्ची उचलली, गल्लीतून ओढत नेली आणि समोर बसल्या. मी आणि गाएतानो आत राहिलो. नेम निम्मा मोडल्यावर उरलेला निम्मा पाळण्यात अर्थ नसतो, म्हणून मी ताट पूर्ण केलं आणि दाराच्या चौकटीतून पुढचं पाहिलं.

कुसुम भुकेली होती, भराभर जेवत होती. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कार्मेलाबाई तिचा प्रत्येक घास नजरेने तोंडापर्यंत पोचवत होत्या. भाजी फार शिजली आहे, त्या म्हणाल्या. कान जाड आहेत. रोझाबाईंनी पातेलं कुसुमच्या आणखी जवळ सरकवलं. शेवटी कार्मेलाबाईंना राहवलं नाही. पुढे वाकून म्हणाल्या, आईला विचार, खरं सांग म्हणावं, हिच्या हातचं चांगलं की माझ्या?

कुसुमने घास संपवला. हात पुसला.

"तिले म्हण, विहीणबाई, तुमच्या घरी मी अजून जेवलीच कुठं?"

नंदाने सांगितलं. कार्मेलाबाईंनी ते ऐकलं. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. मग त्यांनी हात पुढे करून रोझाबाईंकडे ताटली मागितली, पातेल्यातलं थोडं वाढून घेतलं, एक घास खाल्ला, मीठ जास्त आहे म्हणाल्या, आणि ताटली संपवली.